इंग्रजीतील 'पण', 'परंतु' आणि 'तरी'

स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी आले, तेव्हा मी त्यांना विचारले, "कशावर लिहू?" त्यावर ते म्हणाले, "सर, भाषणासारखे लेख पुष्कळ आले आहेत. तुम्ही वर्गात शिकवता त्यातलेच काहीतरी द्या." म्हणून हा लेख इंग्रजी व्याकरणावर आहे. व्याकरण म्हटले की वाचक पान उलटतो, याची मला कल्पना आहे. तेव्हा सुरुवात पेढ्यांपासून करतो.

चाकणच्या आपल्या समाजमंदिरात संध्याकाळी जो इंग्रजीचा वर्ग भरतो, त्यात बहुतेक मुले पहिली पाळी उरकून येतात. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्यांपैकी एक जण पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आयटीआय झालेला फिटर, आईवडील मराठवाड्यातून आलेले, राहायला नाणेकरवाडीच्या बाजूला भाड्याची खोली. एका कारखान्याचे दीड पानी पत्र त्याच्या हातात होते. पहिल्या परिच्छेदात लिहिले होते की, आपली निवड झाली हे कळविण्यास आनंद होत आहे. तेवढे त्याने घरी वाचून दाखवले होते आणि घरात आनंदीआनंद झाला होता. मी पत्र पुढे वाचले. तिसरा परिच्छेद 'हाउएव्हर' या शब्दाने सुरू होत होता. निवड प्रशिक्षणार्थी म्हणून आहे, मुदत संपताच ती वेगळ्या सूचनेशिवाय समाप्त होईल आणि त्यावरून कायम नोकरीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही, असा त्याचा मजकूर होता.

मुलाने विचारले, "सर, हाउएव्हर म्हणजे काय?"

मी म्हणालो, "हाउएव्हर म्हणजे 'मात्र'. अरे, पत्र तर इथून सुरू होते."

त्याची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. सगळे काळ्यावर पांढरे लिहिलेले होते. वाक्य ज्या शब्दावर वळते तो शब्द त्याला ओळखता आला नाही, एवढेच. तेव्हापासून मी वर्गात काळ आणि प्रयोग शिकवण्याआधी हे वळणाचे शब्द शिकवतो.

आपल्या मराठी व्याकरणात 'पण', 'परंतु', 'परी', 'किंतु' यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. शाळेत हे नाव आपण घोकले आणि विसरलो. परंतु नाव मोठे नेमके आहे. न्यूनत्व म्हणजे कमीपणा. 'पण' आला की त्याच्या आधी जे बोलले गेले त्याला कमीपणा येतो आणि नंतर जे येते ते वजनदार ठरते. इंग्रजीतील 'बट' हेच करतो. खोली दाखवताना चाळीचा मालक म्हणतो, 'द रूम इज स्मॉल, बट द रेंट इज लो.' खोली लहान आहे, पण भाडे कमी आहे. खोली पाहून परतताना भाडेकरूची बायको म्हणते, 'द रेंट इज लो, बट द रूम इज स्मॉल.' भाडे कमी आहे, पण खोली लहान आहे. दोघांनी तीच दोन सत्ये सांगितली. एकाला खोली द्यायची आहे, दुसरीला त्यात चार माणसांचा संसार मांडायचा आहे. 'बट'च्या कोणत्या बाजूला काय ठेवले यावरून माणसाचा कल कळतो.

नोकरीच्या अर्जात आमची मुले नेमके उलटे करतात. वर्गातल्या एकाने लिहिले होते की, मला प्रेस शॉपचा तीन वर्षांचा अनुभव आहे, पण माझ्याकडे डिप्लोमा नाही. खरे बोलण्याची सवय चांगलीच. मात्र वाचणाऱ्याच्या मनात शेवटी काय राहिले? डिप्लोमा नाही, हे. मी त्याला वाक्य फिरवायला लावले : 'ऑलदो आय डू नॉट हॅव अ डिप्लोमा, आय हॅव वर्क्ड इन अ प्रेस शॉप फॉर थ्री इयर्स.' डिप्लोमा नसला तरी तीन वर्षे काम केले आहे. यात एक अक्षरही खोटे नाही. लपवलेले काहीच नाही. फक्त उणीव आधी सांगून टाकली आणि मिळकत नंतर मांडली.

येथे 'ऑलदो' आला, तेव्हा त्याच्याकडे वळू. मराठीत आपण 'जरी' म्हटले की 'तरी' म्हणतोच. जरी पाऊस होता तरी कामगार वेळेवर आले. 'जरी' आणि 'तरी' ही बैलजोडी आहे, एकाच्या मागे दुसरा आलाच पाहिजे. किंबहुना आपण पुष्कळदा 'जरी' गाळतो आणि 'पाऊस होता तरी' असे म्हणतो, पण 'तरी' गाळत नाही. इंग्रजीचे गाडे मात्र एका बैलाचे आहे. 'ऑलदो इट वॉज रेनिंग, द वर्कर्स केम ऑन टाइम.' किंवा 'इट वॉज रेनिंग, बट द वर्कर्स केम ऑन टाइम.' दोन्हींपैकी एक. आपली मुले मनातल्या मनात मराठी वाक्य उलथवतात, त्यातल्या 'तरी'साठी काहीतरी हवे असे त्यांना वाटते आणि ती लिहितात, 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट द वर्कर्स केम.' ही चूक अडाणीपणाची नाही. मराठी नीट येते म्हणूनच ती होते. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी, म्हणजे लाल शाईने मुलगा खचणार नाही. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो' आणि 'येट' अशी जोडी मान्य केलेली आढळेल. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकावर जे वाढले, त्यांना ती आठवत असेल. ती चुकीची नाही, आता थोडी जुनाट वाटते इतकेच. 'ऑलदो' आणि 'बट' ही जोडी मात्र कधीच चालत नाही.

'दो', 'ऑलदो' आणि 'इव्हन दो' यांचा अर्थ एकच, जोर चढता. बोलताना 'दो', लिहिताना 'ऑलदो', ठासून सांगायचे असेल तर 'इव्हन दो'. या तिघांनंतर पूर्ण वाक्य लागते, म्हणजे कर्ता आणि क्रियापद दोन्ही.

'बट' आणि 'ऑलदो' यांत एक फरक आहे. 'बट'ची वाक्ये उलटसुलट केली की वजन बदलते, हे आपण खोलीच्या उदाहरणात पाहिले. 'ऑलदो' मात्र ज्या वाक्याला चिकटतो ते गौणच राहते, मग ते आधी येवो की नंतर. येथे आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, शिबंदी थोडी, समोर मोगलांची मोठी फौज. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा सुमारे दोन महिने लढला, मग किल्ला पडला. आता हे इंग्रजीत सांगायचे आहे. एक जण लिहील, 'ऑलदो द फोर्ट हेल्ड आउट फॉर निअरली टू मंथ्स, इट फेल.' दुसरा लिहील, 'ऑलदो द फोर्ट फेल, इट हेल्ड आउट फॉर निअरली टू मंथ्स.' पहिला मोगलांचा इतिहासकार, दुसरा आपला. घटना तीच, साल तेच. वर्गात हे उदाहरण दिल्यावर 'ऑलदो' कुठे लावायचा हे मला पुन्हा शिकवावे लागत नाही.

'डिस्पाइट' आणि 'इन स्पाइट ऑफ' यांचा अर्थ 'ऑलदो'चाच, पण घडण वेगळी. त्यांच्यानंतर वाक्य येत नाही, नाम येते किंवा क्रियापदाचे 'इंग'वाले रूप येते. 'डिस्पाइट द रेन, द वर्कर्स केम ऑन टाइम.' 'इन स्पाइट ऑफ वर्किंग द नाइट शिफ्ट, शी अटेंडेड द क्लास.' मराठीत यासाठी आपल्याकडे सुंदर प्रत्यय आहे. रात्रपाळी करूनही ती वर्गाला आली. पावसातही ते आले. जेथे मराठीत 'करूनही', 'असूनही', 'शिकूनही' असे म्हणता येते, तेथे 'इन स्पाइट ऑफ' बिनधास्त घालावे. जेथे 'केले तरी', 'असला तरी' म्हणावे लागते, तेथे 'ऑलदो'. ही खूण मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही, वर्गात मुलांबरोबर हळूहळू सापडली, आणि दहातल्या नऊ वेळा ती बरोबर निघते. 'डिस्पाइट'च्या पुढे 'ऑफ' लावू नये, 'इन स्पाइट'च्या पुढे लावल्याशिवाय राहू नये.

आता पेढ्यांच्या पत्रातला 'हाउएव्हर'. हा दिसायला 'बट'चा भाऊ, पण स्वभावाने निराळा. 'बट' दोन वाक्ये एका दोरीत बांधतो. 'हाउएव्हर' दोरी बांधत नाही, आधीचे वाक्य पूर्णविरामाने संपू देतो आणि मग नवे वाक्य सुरू करून आधीच्याला आडवा येतो. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. 'द पे इज गुड. हाउएव्हर, द जॉब इज टेम्पररी.' दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम टाकून 'हाउएव्हर' घुसवणे ही परीक्षेत हमखास गुण घालवणारी चूक आहे. मराठीतल्या 'मात्र'प्रमाणे तो वाक्याच्या पोटातही बसतो. 'ही, हाउएव्हर, डिड नॉट साइन.' त्याने मात्र सही केली नाही. 'नेव्हरदलेस' आणि 'इव्हन सो' ही त्याच घरातली मंडळी, 'तरीसुद्धा' या अर्थाची.

पत्रे, करार आणि नियमावल्या 'हाउएव्हर'वर फार प्रेम करतात, कारण गोड बातमीचा परिच्छेद पूर्ण होऊ देऊन तो नंतर अटी आणतो. मी मुलांना सांगतो की कंपनीचे कोणतेही पत्र आले की आधी वरपासून खालपर्यंत फक्त हे शब्द शोधा : 'बट', 'हाउएव्हर', 'सब्जेक्ट टू', 'प्रोव्हायडेड दॅट', 'नॉटविथस्टँडिंग'. त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग पत्र वाचा. पेढे त्यानंतर आणा.

ही गोष्ट केवळ पत्रापुरती नाही. यंत्रावर चिकटवलेल्या सूचनेत लिहिलेले असते, 'इव्हन दो द मशीन इज स्विच्ड ऑफ, प्रेशर मे रिमेन इन द लाइन.' मशीन बंद असले तरी पाइपातील तेलाचा दाब शिल्लक राहू शकतो. हायड्रॉलिक यंत्रात वीज बंद केली म्हणून दाब लगेच उतरत नाही, हे जुन्या कामगाराला माहीत असते. नवा मुलगा 'मशीन इज स्विच्ड ऑफ' एवढेच चार शब्द ओळखतो आणि हात आत घालतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बोटे गमावलेले कामगार ज्याने पाहिले नाहीत असा माणूस क्वचितच असेल. त्या सगळ्यांना व्याकरणाने वाचवले असते असा दावा मी करत नाही, तेथे यंत्राचे, घाईचे आणि मालकाच्या काटकसरीचेही हिशेब असतात. तरीही 'इव्हन दो' वाचता येणे हेही एक संरक्षक साधन आहे, आणि ते कंपनीच्या स्टोअरमध्ये मिळत नाही.

'तर' या मराठी शब्दाने मुलांची फार गंमत होते. 'मोठा भाऊ शेती करतो, तर धाकटा कंपनीत जातो.' यातला 'तर' म्हणजे 'देन' नव्हे. येथे दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवला आहे, म्हणून 'व्हेअरअज' किंवा 'व्हाइल'. 'द एल्डर ब्रदर फार्म्स, व्हाइल द यंगर वर्क्स इन अ फॅक्टरी.' चाकण म्हटले की पूर्वी लोकांना कांद्याचा बाजार आठवे, तर आता मोटारी आठवतात. येथे बजाजचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे २००९ साली. कांदा अजूनही आहेच. अशा वाक्यात कोणतीही बाजू कमी ठरत नाही, दोन्ही उभ्या राहतात, म्हणून 'बट'ऐवजी 'व्हेअरअज'. 'व्हाइल'चा दुसरा अर्थ 'त्याच वेळी' असाही होतो, त्यामुळे घोटाळा होण्यासारखा असेल तेथे 'व्हेअरअज'च बरा.

'ऑन द अदर हँड' म्हणजे 'दुसरीकडे' आणि 'ऑन द कॉन्ट्ररी' म्हणजे 'उलट', यांची अदलाबदल सर्रास होते. पहिल्यात एकाच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात आणि आधीची बाजू खरीच राहते. दुसऱ्यात आधीचे विधान साफ खोडतात. 'तो आळशी नाही. उलट, रोज ओव्हरटाइम करतो.' येथे 'ऑन द कॉन्ट्ररी'. मुलाखतीत चुकून एकाऐवजी दुसरे बोलले तर आपण साहेबाचे म्हणणे खोटे ठरवतो आहोत असा त्याचा समज होतो.

इथपर्यंत रचना झाली. आता ज्यासाठी हा लेख लिहायला मी तयार झालो, त्या गोष्टीकडे येतो.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत 'बट'चे एक ठरलेले उदाहरण असते : 'ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना ते वहीत शंभर वेळा लिहिले आणि शिक्षक झाल्यावर कित्येक वर्षे फळ्यावरही लिहिले. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. तिची आई कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. ती म्हणाली, "सर, यात 'पण' कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. खरोखर कशाला? गरिबी आणि प्रामाणिकपणा यांत विरोध आहे कुठे? विरोध तेव्हाच होतो, जेव्हा आपण मनात आधीच धरून चाललेलो असतो की गरीब माणूस बहुधा चोर असतो. म्हणजे 'बट'ने दोन वाक्ये जोडली, पण त्याचबरोबर एक तिसरे वाक्य न बोलता आत आणले. पाऊस होता पण कामगार आले, यातले तिसरे वाक्य असे की पावसात लोक सहसा येत नाहीत. ते निरुपद्रवी आहे. गरीब पण प्रामाणिक, यातले तिसरे वाक्य निरुपद्रवी नाही.

मग वर्गात अशा 'पण'ची वहीच तयार झाली. वस्तीत राहतात, पण घर स्वच्छ आहे. शिकलेली आहे, पण घरकाम करते. राखीव जागेवरून आला, पण हुशार आहे. खेड्यातला आहे, पण इंग्रजी बोलतो. बोलणाऱ्याला वाटते आपण कौतुक करतो आहोत, आणि ऐकणाऱ्याच्या काळजात बारीक काटा मोडतो. तो का मोडतो हे त्याला सांगता येत नाही, कारण बोललेल्या दोन्ही वाक्यांत आक्षेपार्ह काही नसते. काटा तिसऱ्यात असतो. व्याकरण शिकलेल्या माणसाला निदान बोट ठेवून दाखवता येते की तो येथे आहे.

आता मी फळ्यावर लिहितो, 'ही इज पुअर अँड ही इज ऑनेस्ट.' वाक्य थोडे सपाट होते. होऊ द्या.

यावर कोणी म्हणेल की एका अव्ययावर एवढा काथ्याकूट कशाला? त्यांच्यासाठी भारतीय संविधानातील एक गोष्ट सांगतो. अनुच्छेद १६ च्या पहिल्या खंडात सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी आहे. चौथ्या खंडात, नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गीय नागरिकांसाठी राखीव जागा ठेवण्याचा अधिकार राज्याला आहे. या चौथ्या खंडाची सुरुवात 'नथिंग इन धिस आर्टिकल शॅल प्रिव्हेंट' अशा शब्दांनी होते, म्हणजे या अनुच्छेदातील कशानेही राज्याला प्रतिबंध होणार नाही. हासुद्धा विरोध दाखवणारा शब्दप्रयोगच. आता प्रश्न असा पडला की या शब्दांनी चौथा खंड पहिल्याला अपवाद ठरतो काय? अपवाद म्हटला की तो अरुंद ठेवावा लागतो, 'बट' लावून शेवटी दिलेल्या सवलतीसारखा. अनेक वर्षे न्यायालयांनी तो अपवाद म्हणूनच वाचला. १९६३ सालच्या देवदासन खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निराळे मत दिले, परंतु ते अल्पमतात होते. १९७५ मध्ये केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते वाचन बदलले, आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते पक्के केले. राखीव जागा हा समान संधीला अपवाद नसून समान संधीचेच एक अंग आहे.

या शेवटच्या वाक्यातला 'नसून' पाहा. इंग्रजीत त्याला 'नॉट' आणि 'बट' अशी जोडी वापरतात : 'इट इज नॉट ॲन एक्सेप्शन, बट अ पार्ट ऑफ इक्वॅलिटी.' हा 'बट' गरीब-प्रामाणिकवाला नव्हे. तो एक समज खोडून त्याच्या जागी दुसरा ठेवतो. ही भीक नसून हक्क आहे, हे वाक्य आपल्या सभांतून आपण ऐकत आलो. ते इंग्रजीत नीट म्हणता यावे म्हणून तरी 'नॉट' आणि 'बट' शिकून घ्यावे.

अनुच्छेद १५ चा चौथा खंडही असाच 'नथिंग'ने सुरू होतो. तो मूळ संविधानात नव्हता. मद्रास राज्यातील चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल लागल्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो घातला गेला. अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्याच्या आधी 'सब्जेक्ट टू' आहे, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कायद्यातल्या 'प्रोव्हायडेड दॅट'ला आपल्या मराठी कायद्यांत 'परंतु' म्हणतात. संविधान चाळताना मुलांना मी हे सगळे वळणाचे शब्द शोधायला लावतो आणि मग अनुच्छेद १७ उघडायला सांगतो, अस्पृश्यता नष्ट करणारा. त्यात शोधा म्हणतो. मुले दोनदा, तीनदा वाचतात. त्यात 'बट' नाही, 'हाउएव्हर' नाही, 'सब्जेक्ट टू' नाही, 'प्रोव्हायडेड' नाही. दोनच वाक्ये आहेत आणि कोणतेच मागे वळत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यातील विसंगतीचा इशारा सर्वांना माहीत आहे. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल, असे त्यांनी बजावले. विरोध एवढा उघड असताना इंग्रजीत तेथे 'बट' येईल अशी आपली अपेक्षा असते. त्यांनी दोन्ही भाग 'अँड'ने जोडले. मला स्वतःला असे वाटते की 'बट' आला असता तर एक बाजू दुसरीला झाकू लागली असती, राजकीय समता मिळाली पण सामाजिक राहिली अशी नुसती हळहळ झाली असती. 'अँड'मुळे दोन्ही बाजू सारख्या वजनाने समोरासमोर उभ्या राहतात आणि ऐकणाऱ्याला सुटका मिळत नाही. ज्या माणसाने सर्वांत मोठी विसंगती सांगितली त्याने विरोधाचा शब्दच वापरला नाही, हे शिकवताना अजूनही मला दरवेळी थांबायला होते.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्या वेळचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे आपल्याच पिंपरी-चिंचवड भागातले. त्याआधी शिकलेल्या आमच्या पिढीने पाचवीत एबीसीडी गिरवली आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर भिस्त ठेवली. आताच्या मुलांना शब्द आमच्यापेक्षा पुष्कळ येतात. अडते ते दोन वाक्यांच्या सांध्यापाशी. तेव्हा लेख वाचून झाल्यावर पुढील जोड्या इंग्रजीत जोडून पाहाव्यात, आणि प्रत्येक वेळी न बोललेले तिसरे वाक्य मराठीत लिहावे.

पगार कमी आहे. काम शिकायला मिळते. मुलगी एकटी पुण्याला जाते. घरच्यांना काळजी वाटत नाही. वडील सही करत नाहीत, अंगठा लावतात. त्यांना सर्व हिशेब तोंडपाठ आहे. करार अकरा महिन्यांचा आहे. काम बारा वर्षे चालू आहे. धाकटा इंग्रजी शाळेत आहे; थोरला मराठी शाळेत होता. आम्ही येथे भाड्याने राहतो. हे गाव आमचे आहे.

शेवटच्या जोडीत 'बट' घालायचा की 'अँड', यावर वर्गात दोन तट पडले आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही. वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात वाजता भरतो. फी नाही. वही आणि पेन्सिल आणावी, आणि घरात कोणाचे नेमणूकपत्र आले असेल तर तेही आणावे.